प्रश्नांचा उत्सव

२८ फेब्रुवारी १९२८ रोजी रामन परिणामाचा शोध लागला. त्याच्या स्मरणार्थ १९८७ पासून राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो. या निमित्ताने पुणे विद्यापीठाच्या आवारातील ‘आयुका’ ही खगोलविज्ञान संस्था आबालवृद्धांसाठी दारे खुली करीत आली आहे. पालकांसमवेत आलेली मुले तेथे पृथ्वीच्या परिवलनाची साक्ष देणारा फुकोचा लंबक न्याहाळतात, आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन व आइन्स्टाइन यांचे पुतळे पाहतात आणि संशोधकांना थेट प्रश्न विचारतात. संस्थापक-संचालक डॉ. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठविण्यास सांगत. स्वाक्षरी उत्तराखाली मिळे. २०२५ मध्ये ते निवर्तले. मुलांच्या ‘का?’ला मान देण्याची ही ठेव आता प्रत्येक घराने जपावयाची आहे.