नाटकाशी इमान, म्हणजे नेमकं कुणाशी?

१२ नोव्हेंबर २०१५ रोजी ‘कट्यार काळजात घुसली’ हा सिनेमा लागला आणि १ जानेवारी २०१६ रोजी ‘नटसम्राट’. मध्ये अवघे ५० दिवस! मराठी रंगभूमीवरची दोन मातब्बर नाटकं लागोपाठ पडद्यावर आली आणि जिथे तिथे एकच वाद रंगला: मूळ नाटकाची सर आली का याला?

या वादात एक गंमत सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ही दोन्ही नाटकं रंगमंचावर पहिल्यांदा उभी केली ती एकाच माणसानं. नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर! ‘कट्यार’, म्हणजे पंडितजी आणि खाँसाहेब या दोन गवयांच्या घराण्यांचा झगडा, त्यांनी लिहिलंही आणि बसवलंही. पहिला प्रयोग २४ डिसेंबर १९६७ चा. वि. वा. शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ त्यांनी बसवलं आणि ते २३ डिसेंबर १९७० रोजी आलं. म्हणजे पंचेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांनी दोन वेगळे दिग्दर्शक, सुबोध भावे आणि महेश मांजरेकर, एकाच माणसाच्या सावलीशी झुंजत होते.

सोलापूरकरांचा तर या वादात घरचा हिस्सा आहे. १९६७ च्या ‘कट्यार’मध्ये खाँसाहेबांची मुलगी झरीना साकारली ती सोलापुरात जन्मलेल्या गायिका-अभिनेत्री फैय्याज यांनी. याच फैय्याज पुढे २०१५ साली बेळगावच्या नाट्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या आणि त्याच वर्षी पडद्यावर अमृता खानविलकर झरीना झाली. आता ज्यानं फैय्याज यांना रंगमंचावर पाहिलं आहे, त्यानं सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहातली मोजपट्टी घेऊन सिनेमाच्या थिएटरात बसावं का?

बसायला हरकत नाही, पण आधी एक साधा प्रश्न सोडवावा लागेल. मूळ म्हणजे कुठलं मूळ?

‘नटसम्राट’चंच घ्या. त्याचे नायक गणपतराव बेलवलकर म्हटलं की डॉ. श्रीराम लागू आठवतात. पण पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनीही ती भूमिका केली. संहिता तीच, बेलवलकर मात्र प्रत्येकाचा निराळा. सिनेमानं इमान राखायचं ते यांतल्या कुणाशी? ‘कट्यार’मध्ये तर आणखी पेच. वसंतराव देशपांडे खाँसाहेब म्हणून गायला बसले की आजची तान उद्या तशीच यायची नाही. नाटक रोज संध्याकाळी नव्यानं घडतं. सिनेमा एकदाच घडतो आणि मग कायमचा तसाच राहतो. रोज बदलणाऱ्या गोष्टीची तंतोतंत प्रत काढणार कशी?

बरं, छापील संहितेला प्रमाण मानू. शब्द जितके जास्त, तितकं इमान जास्त, असं असेल का? शेक्सपिअरवर हा प्रयोग होऊन गेला आहे. १९४८ साली लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी ‘हॅम्लेट’ अडीच तासांत बसवला. त्यासाठी रोझेनक्रांट्झ आणि गिल्डनस्टर्न ही पात्रंच उडवली, फोर्टिनब्रासला निरोप दिला, तरी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर त्यालाच. १९९६ साली केनेथ ब्रानानं काहीच गाळलं नाही. सिनेमा चार तासांवर गेला. आणि जपानच्या अकिरा कुरोसावांनी १९५७ मध्ये कमालच केली. ‘थ्रोन ऑफ ब्लड’मध्ये शेक्सपिअरची एक ओळ नाही, स्कॉटलंड नाही, मॅक्बेथ हे नावसुद्धा नाही. आहेत ते सामुराई, धुकं आणि किल्ल्याकडे चालत येणारं जंगल. तरीही ‘मॅक्बेथ’वरचे थोर सिनेमे मोजायला बसलं की या सिनेमाचं नाव आलंच पाहिजे! म्हणजे शब्द मोजून भागत नाही.

मग मोजायचं काय? आपल्या सोलापुरी चादरीकडे पाहा. कागदावर मोर काढला की त्याची मान गोलाईदार वळते. जकार्डच्या मागावर मात्र धागा उभा जाईल नाहीतर आडवा. म्हणून नक्षीकार चौकटीच्या कागदावर ते वळण बारीक बारीक पायऱ्यांत मोडतो. एकही रेघ मूळ राहत नाही, पण चादर उलगडली की मोर तो मोरच! विणकरानं चित्राशी बेइमानी केली असं कुणी म्हणतं का? त्याचा माग जे करू शकतो, तेच त्यानं केलं.

आता हीच नजर ‘कट्यार’कडे वळवा. रंगमंचावर खाँसाहेबांचा चेहरा आणि गळा एकाच माणसाचा होता, वसंतरावांचा. सिनेमात चेहरा सचिन पिळगावकरांचा आणि गळा राहुल देशपांडे यांचा. अख्खा माणूस दोघांत वाटला गेला! पण तो गळा कुणाचा, ते पाहा. राहुल हे वसंतरावांचे नातू. आणि पंडितजींचा शिष्य सदाशिव याच्यासाठी गायलेले महेश काळे हे नाटकाचे संगीतकार पं. जितेंद्र अभिषेकी यांचे शिष्य. नाटकाचे सूर रक्तातून आणि तालमीतून पडद्यापर्यंत चालत आले. शंकर-एहसान-लॉय यांनी जुन्या पदांच्या शेजारी नवी गाणी बसवली. त्यांतल्या एका नव्या गाण्यासाठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुळात नव्हतं तेच गाणं मुळाच्या तालमीत तयार झालेल्या गळ्यातून आलं आणि देशभर गाजलं. याला इमान म्हणाल की फितुरी?

थांबा, खरी नवलाई पुढेच आहे. हा प्रश्न खुद्द ‘कट्यार’च्या पोटात दडलेला आहे. ‘घेई छंद’ हे पद नाटकात दोन चालींत येतं. शब्द तेच, एक गायकी पंडितजींच्या घराण्याची, दुसरी खाँसाहेबांची. सदाशिव लपूनछपून खाँसाहेबांची गायकी उचलतो, आणि नाटक विचारतं: हुबेहूब गाता आलं म्हणजे विद्या आली का? नक्कल कुठे संपते आणि वारसा कुठे सुरू होतो? सिनेमाची परीक्षा घ्यायला बसलेल्या प्रेक्षकाच्या हातात नाटकानं आपली फूटपट्टी १९६७ सालीच देऊन ठेवली होती!

त्या पट्टीनं मोजलं तर सुरांत सिनेमा वारसदार ठरतो. कथेत मात्र काटा जरा सरकतो. नाटकात बोलण्यातून कळणारा पंडितजी-खाँसाहेबांचा भूतकाळ सिनेमा डोळ्यांसमोर घडवतो. शंकर महादेवन यांचे पंडितजी समोर बसून गातात, ही पर्वणीच. पण त्यापायी घराण्यांचा झगडा मागे पडतो आणि एका माणसाचा मत्सर पुढे येतो.

‘नटसम्राट’ची अडचण निराळी आणि फार सुंदर आहे. नाटकात बेलवलकरांच्या सत्काराचा समारंभ होतो आणि ते प्रेक्षकांशी बोलू लागतात. तिकीट काढून आलेले आपण त्या क्षणी सत्काराला जमलेले रसिक होऊन बसतो. आपल्याला नकळत भूमिका मिळते! पुढे हाच माणूस रस्त्यावर येतो, तेव्हा टाळ्या वाजवलेले हात आपलेच असतात. सिनेमा हे कसं करणार? तिथे टाळ्या वाजवणारे प्रेक्षकही पडद्यावरच बसवावे लागतात आणि आपण सुटतो. त्या बदल्यात कॅमेरा नाना पाटेकरांच्या चेहऱ्यापाशी इतका जवळ जातो की डोळ्यांच्या कडेला जमणारं पाणी शेवटच्या रांगेतल्यालाही दिसतं. रंगमंचावर तिथवर पोचायला आवाज लागतो.

सिनेमानं आणखी एक धाडस केलं. नाटकात नसलेला रामभाऊ हा बेलवलकरांचा नटमित्र आणला आणि तो विक्रम गोखल्यांनी केला. मुळाशी प्रतारणाच ना? पण शिरवाडकरांनी ज्याची सावली घेतली तो ‘किंग लिअर’ उघडून बघा. लिअरला तीन मुली. बेलवलकरांना एक मुलगा, एक मुलगी. लिअरची बायको रंगमंचावर येतच नाही. शिरवाडकरांची कावेरी तर नाटकाचा कणा आहे. ‘लिअर’मध्ये राजाच्या जोडीनं होरपळणारा दुसरा म्हातारा आहे, ग्लॉस्टर. शिरवाडकरांनी त्याला वगळलं आणि साडेचार दशकांनी सिनेमानं दुसरा म्हातारा परत आणला! ठरवून असो वा योगायोगानं, मुळापासून दूर जाता जाता सिनेमा मुळाच्या मुळाशी जाऊन पोचला.

तेव्हा सिनेमा नाटकाशी किती प्रामाणिक, हे ठरवताना काय गाळलं आणि काय घातलं याची यादी करू नका. नाटकानं प्रेक्षकाचं काय केलं होतं, ते आधी आठवा. मग सिनेमा आपल्या साधनांनी तेच करतो का, ते बघा. माझा निवाडा विचाराल तर ‘कट्यार’ कानांशी इमानदार आहे आणि ‘नटसम्राट’ चेहऱ्याशी. पहिल्यात घराण्यांचा वाद थोडा हरवला, दुसऱ्यात आपल्यावरचा आरोप. तुमचा निवाडा वेगळा असू शकेल, पण तो देण्याआधी दोन्ही नाटकांच्या संहिता वाचा, आणि प्रयोग गावात आला तर तिकीट काढून पुढच्या रांगेत बसा.