बँकेच्या आकड्यांत दोन महिने

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा रुपयाच्या प्रश्नावरील इंग्रजी ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. घटनेचे शिल्पकार म्हणून आपण बाबासाहेबांना दरवर्षी वंदन करतो. परंतु अमेरिका व इंग्लंडमधील त्यांच्या पदव्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र हा होता, याचा आपल्याला बहुधा विसर पडतो. त्या ग्रंथात चांदीचे भाव, विनिमयाचे दर, किमतींचे चढउतार यांचे तक्तेच्या तक्ते आहेत. पुढे १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी चलनाविषयी साक्ष दिली, तीही आकड्यांच्या आधारावर. संख्याशास्त्र घेऊन एम. एस्सी. करीत असताना ग्रंथालयात मी ते पुस्तक उघडले आणि तक्ते पाहून, खरे सांगायचे तर, लगेच मिटले.

गेल्या उन्हाळ्यात मात्र मला तशाच तक्त्यांपुढे दोन महिने बसावे लागले. मुंबईतील एका बँकेच्या मुख्य कार्यालयात माहिती-विश्लेषण विभागात मी इंटर्नशिप केली. इंटर्नशिप म्हणजे आपल्या जुन्या शब्दांत उमेदवारी. तेथे नेमके काय काम चालते हे आपल्या मुलांना कळावे, म्हणून स्मरणिका समितीने लिहिण्यास सांगितले, त्याप्रमाणे हा लेख लिहीत आहे.

बँकेत काम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे खिडकी, पासबुक व शिक्का येतो. या विभागात यांपैकी काहीही नाही. राज्यभरच्या शाखांतून आलेली कर्जखात्यांची माहिती तेथे संगणकावर एकत्र होते. प्रत्येक खात्याची एक ओळ: कर्ज किती, हप्ता कोणत्या तारखेचा, भरला कधी. आडनाव, मोबाइल व खाते क्रमांक आम्हा उमेदवारांपासून झाकलेले असत आणि ते योग्यच होते. हप्त्याच्या तारखेनंतर किती दिवस उलटले, हा यातील सर्वांत महत्त्वाचा आकडा. थकबाकी नव्वद दिवसांच्या पुढे गेली की ते कर्ज अनुत्पादक ठरते. त्याआधी तीस, साठ व नव्वद दिवसांपर्यंतच्या तीन पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीवर बँकेचे लक्ष वाढत जाते. ही मोजणी संगणक करतो. पण संगणकात जे भरले त्यावरच तो मोजणार! म्हणून आमचा बहुतेक वेळ माहितीची साफसफाई करण्यात जाई. तांदूळ निवडण्यासारखेच ते काम, कंटाळवाणे पण टाळता न येणारे.

तिसऱ्या आठवड्यात माझ्याकडे दुबार खाती शोधण्याचे काम आले. एकाच माणसाने दोन ओळखींवर दोन कर्जे घेतली नाहीत ना, हे त्यातून पाहावयाचे होते. नियम असा होता की पहिले नाव, जन्मतारीख व पिनकोड ही तिन्ही जुळली की ते खाते संशयित धरावे. शाखेतून खातरजमा होईपर्यंत अशा खातेदाराचा नवा अर्ज पुढे सरकत नसे. यादी काढली तर ती भलतीच लांब झाली. नाव अशोक, जन्म १ जून १९६२, पिनकोड एकच, अशी तीन माणसे. रमेश, सुरेश, भीमराव यांचेही तसेच. आणि जिकडे पाहावे तिकडे १ जून!

विभागाच्या मॅडम दुसऱ्या राज्यातून आलेल्या, अतिशय हुशार. त्यांचा पहिला तर्क असा की शाखेत कोणी तरी आळसाने एकच तारीख भरली असावी. हा तर्क चुकीचा म्हणता येणार नाही, कारण तारीख ठाऊक नसेल तेव्हा १ जानेवारी टाकण्याची सवय पुष्कळ ठिकाणी आढळते. दुसरा तर्क बनावट कागदपत्रांचा होता. मी थोडा वेळ गप्प राहिलो. उमेदवाराने पहिल्याच महिन्यात वरिष्ठांना दुरुस्त करावे की नाही, असा प्रश्न मनात होता. आणि तेवढेच नव्हे, जे सांगायचे ते घरचे होते. अखेर म्हणालो, "मॅडम, ही माणसे खोटी नाहीत. माझ्या वडिलांची जन्मतारीख १ जून आहे. त्यांच्या दोन्ही भावांचीही १ जूनच आहे."

त्या हसल्या, मग खुर्ची ओढून म्हणाल्या, "नीट सांग." मी सांगितले. आजी-आजोबा शाळेत गेलेले नव्हते. मूल पावसाच्या आधी झाले की सुगीत, एवढेच त्यांना आठवे. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होई, म्हणून नाव घालताना हेडमास्तर वय अंदाजाने धरून १ जून लिहून टाकीत. तीच तारीख दाखल्यावर, दाखल्यावरून नोकरीत आणि तेथून बँकेत गेली. ज्या घरांत पहिल्यांदाच कोणी शाळेची पायरी चढले, त्या सर्व समाजांत हे घडले आहे; आपल्यात तर घरोघर. म्हणजे जो नियम सर्वांना सारखा दिसत होता, तो पहिल्या पिढीतल्या शिकलेल्यांनाच नेमका अडवीत होता. त्यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता, हे येथे आवर्जून नमूद करतो.

दोन दिवसांनी नियम बदलला. पॅन क्रमांक किंवा आईचे नावही जुळले तरच खाते यादीत घ्यावे असे ठरले आणि यादी निम्म्याहून लहान झाली. ज्यांचे अर्ज आधीच अडकले होते त्यांच्या शाखांना पत्रे गेली. ती वेळेवर पोचली की नाही हे पाहायला मी तेथे नव्हतो, याची रुखरुख आहे. रोजंदारीच्या माणसाला शाखेत एक खेप म्हणजे एक दिवसाची मजुरी.

असो. या कामातून आपल्या घरांना उपयोगी पडतील अशा काही गोष्टी कळल्या. देशात चार पतमाहिती कंपन्या आहेत. आपल्या कर्जाची माहिती बँका त्यांना देतात व त्यावरून सिबिलसारखा ३०० ते ९०० यांमधील गुणांक ठरतो. प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा आपला अहवाल फुकट द्यावयाचा असतो. तुम्ही मित्राला जामीन राहिलात तर त्याचे कर्ज तुमच्याही अहवालात दिसते. चहाच्या टपरीवर सही करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. कधीच कर्ज न घेतलेल्याचा गुणांक वाईट नसतो, तो नसतोच. प्रथमच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ जुना इतिहास नाही म्हणून फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितल्याचे केंद्र सरकारने २०२५ साली संसदेत स्पष्ट केले. पगार दहा तारखेला आणि हप्ता पाच तारखेला, अशी कितीतरी खाती मी पाहिली. माणूस प्रामाणिक, पण दर महिन्याला उशिराची नोंद. अशांनी हप्त्याची तारीख बदलून मिळावी असा अर्ज शाखेत द्यावा.

उमेदवारी संपल्यावर मी वडिलांचा अहवाल काढला. टीव्हीसाठी घेतलेले कर्ज त्यांनी कधीच फेडले होते, तरी ते चालू दिसत होते. आम्ही तक्रार केली. तक्रार तीस दिवसांत न सुटल्यास पुढील प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी, असा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. आमची एकोणिसाव्या दिवशी सुटली. भरपाई मिळाली नाही म्हणून वडील थोडे हिरमुसलेच!

दर रविवारी सकाळी वंदनेनंतर मी विहारात असतो. ज्यांना अहवाल काढावयाचा असेल त्यांनी पॅन कार्ड व स्वतःचा मोबाइल घेऊन यावे. मोबाइलवर येणारा ओटीपी मात्र आपल्याच हाताने टाकावा. तो कोणालाही, मलासुद्धा सांगू नये.

जयभीम!