पायातील अपुरा रक्तपुरवठा आणि अनुकंपी चेतारोध : स्वरूप व मर्यादा

प्रस्तावना

विडी, सिगारेट वा तंबाखूचे सेवन करणाऱ्या तरुण व मध्यमवयीन पुरुषांत पायाच्या लहान-मध्यम रोहिण्यांचा दाह होऊन त्यांत गुठळ्या निर्माण होतात. फेलिक्स फॉन विनिवार्टर यांनी १८७९ मध्ये व लिओ बर्जर यांनी १९०८ मध्ये या विकाराचे वर्णन केले. महाराष्ट्रात सोलापूर व सिन्नर ही विडी उद्योगाची जुनी केंद्रे असून श्रमिकांत विडीचे व्यसन रुजलेले आहे. कोथरूडसारख्या उपनगरात दिवसभर उभ्याने राबणाऱ्या मजुराच्या दृष्टीने पाऊल गमावणे म्हणजे उपजीविकाच गमावणे होय.

उपचाराचे तत्त्व व पद्धती

अनुकंपी चेतासंस्था त्वचेतील सूक्ष्म रोहिण्यांचे आकुंचन घडवून आणते. हे संदेश रोखल्यास रोहिण्या विस्फारतात, पाऊल उबदार होते व वेदना कमी होऊ शकतात. १९२० च्या दशकात अर्जेंटिनातील हुलिओ दिएझ यांनी याकरिता कमरेतील अनुकंपी चेतागंडिका शस्त्रक्रियेने काढण्यास प्रारंभ केला. पुढे सुईद्वारे करावयाची पद्धत रूढ झाली. क्ष-किरण चित्रणाच्या साहाय्याने दुसऱ्या ते चौथ्या कटिकशेरुकेच्या पुढील कडेलगत सुई नेली जाते. प्रथम स्थानिक बधिरक देऊन परिणाम पाहतात. तो समाधानकारक असल्यास फिनॉल वा मद्यार्क टोचतात.

मर्यादा

या उपचाराने बंद रोहिणी उघडत नाही. चालताना पोटरीत येणारे पेटके त्यामुळे सहसा थांबत नाहीत, कारण लाभ मुख्यतः त्वचेला होतो. दीर्घकालीन मधुमेहात या चेता आधीच क्षीण झालेल्या असल्यास उपयोग अल्प राहतो. चेतातंतू पुन्हा वाढल्याने काही महिन्यांनी परिणाम ओसरू शकतो. मांडीत जळजळ, तसेच दोन्ही बाजूंना उपचार केल्यास वीर्यस्खलनात अडथळा संभवतो. पाय वाचविण्याबाबतचा पुरावाही मर्यादित आहे. म्हणून रक्तप्रवाह पूर्ववत करणारी शस्त्रक्रिया शक्य नसताना, विश्रांतीतही होणारी वेदना व न भरणारी लहान जखम यांसाठीच त्याचा प्रामुख्याने विचार होतो.

निष्कर्ष

चेतारोध हा पूरक उपचार आहे. तंबाखूचा संपूर्ण त्याग हाच बर्जर रोगावरील मूळ उपाय ठरतो. व्यसन चालू राहिल्यास कोथ होऊन अवयवच्छेदाची वेळ येऊ शकते. २००३ च्या कायद्यानुसार शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस मनाई आहे. या तरतुदीच्या पालनाकडे लक्ष देणे आणि राष्ट्रीय सेवा योजनेमार्फत श्रमिक वस्त्यांत प्रबोधन करणे, हे महाविद्यालयांना सहजसाध्य कार्य आहे.