तीस हजारांची रेघ

दोन दस्तांच्या ई-चलनांवर नोंदणी फी एकच होती, 30,000. एक दस्त 31 लाखांच्या वन बीएचकेचा, दुसरा 4 कोटींच्या बंगल्याचा. ते डोक्यातून जाईना, म्हणून पुण्याच्या उपनगरातल्या एका दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन बसलो.

महाराष्ट्रात विक्रीच्या दस्ताला नोंदणी फी एक टक्का. करारातली किंमत आणि रेडी रेकनरप्रमाणे येणारी किंमत, यांतली जी जास्त असेल तिच्यावर. कमीत कमी 100 रुपये, जास्तीत जास्त 30,000. म्हणजे किंमत 30 लाखांवर गेली की टक्का थांबतो. 31 लाखांच्या घराला शंभरामागे जवळजवळ रुपया पडतो, 4 कोटींच्या बंगल्याला साडेसात पैसे. ‘‘तीस हजार झाले की सुटलात,’’ बाकावर शेजारी बसलेला एका वकिलांचा मदतनीस म्हणाला.

टोकन, कागदांची तपासणी, फोटो, दोन ओळखदारांच्या सह्या, पानांचं स्कॅनिंग. सगळ्यांना क्रम हाच.

दुपारी एक मावशी आल्या. 18 लाखांचं घर, फी 18,000. धुण्याभांड्यांनी बोटं झिजलेली, यंत्रावर ठसा उमटेना. ऑपरेटर मुलीने त्यांचा अंगठा ओल्या फडक्याने पुसला, कोरडा केला, हलकेच दाबून धरला. ‘‘घाई नको मावशी, येईल.’’ मागची रांग चुळबुळत होती, पण तिने मान वर केली नाही. ठसा आला तेव्हा हसल्या दोघी. त्या मुलीची ती चिकाटी मला अजून आठवते. तिच्याकडे बंगलेवाल्यांसाठी वेगळं यंत्र नव्हतं आणि मावशींसाठीही नव्हतं.

फी कामाची असते, काम सारखंच, मग कोट्यवधींच्या घराने जास्त का द्यावं? हा युक्तिवाद मला पटतो. पण तो 30 लाखांच्या रेघेपाशीच का सुरू व्हावा? 5 लाखांच्या खोलीचा दस्तही त्याच कॅमेऱ्यासमोर होतो, आणि तिथे टक्का पुरता वसूल केला जातो. ऐपतीप्रमाणे घ्यायचं म्हणावं, तर त्यासाठी मुद्रांक शुल्क आहेच. विक्रीच्या दस्तावर त्याला अशी कमाल मर्यादा नाही. नोंदणी फीतली सवलत तेवढी वरच्यांसाठी राखलेली आहे.

ही रेघ ठेवायची असेल तर खुशाल ठेवावी. पण मग तिच्या खालच्या घरांचा टक्का तरी आधी अर्ध्यावर आणावा.