धन्याची मर्जी, चाकराची कैद

1802 साली यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशव्यांची फौज मोडली आणि दुसरे बाजीराव महाडच्या वाटेला लागले. त्या धावपळीत पुण्याहून आलेल्या पत्राचं उत्तर झपाट्यानं पोचवणारा एक जासूद त्यांच्या नजरेत भरला: त्रिंबकजी डेंगळे, संगमनेरकडच्या निमगाव जाळीचा. 1814 पर्यंत तो अहमदाबादचा सरसुभेदार झाला होता.

हा निव्वळ नशिबाचा खेळ नव्हता. पटवर्धनांसारख्या सरदारांकडे स्वतःचे सरंजाम होते, फौजा होत्या. ते बाजीरावांना डोईजड वाटत. त्रिंबकजीपाशी मर्जीखेरीज काहीच नव्हतं आणि बाजीरावांना नेमका असाच माणूस हवा होता. मामलती चढी बोली लावणाऱ्याला इजाऱ्यानं जात. खजिना भरे, रयत पिळून निघे. धन्यानं सांगितलं तर गायही मारीन, असं त्रिंबकजी पुण्यातला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याला म्हणाल्याचं इंग्रजांनी लिहून ठेवलंय. पेशव्यांच्या चाकरानं हे बोलावं, म्हणजे कमालच!

बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन पेशव्यांशी असलेला हिशेब मिटवायला पुण्यात आले ते इंग्रजांच्या हमीवर. जुलै 1815 मध्ये, आषाढीच्या दिवसांत, पंढरपुरी विठ्ठलाच्या देवळातून बिऱ्हाडी परतताना त्यांचा खून झाला. बोट त्रिंबकजीकडे गेलं. हुकूम कुणाचा, हा प्रश्न रीतसर खटल्यात कधी विचारलाच गेला नाही. माझ्या मते तो विचारणं दोन्ही दरबारांना अडचणीचं होतं. एल्फिन्स्टननं दम भरला आणि बाजीरावांनी आपला लाडका इंग्रजांच्या हवाली केला.

त्याला ठाण्याच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं. तिथं गोऱ्यांचा पहारा, मराठीचा गंध नसलेला. खिडकीखाली घोड्यांना खरारा करणारा मोतद्दार गाणी म्हणे आणि गाण्यातूनच सुटकेचा बेत सांगे, अशी हकिगत बिशप हेबरनं नोंदवलीय. सप्टेंबर 1816 मध्ये त्रिंबकजी भिंतीला भोक पाडून निसटला आणि डोंगराळ मुलखात फौज जमवू लागला. बाजीराव कानांवर हात ठेवत. आतून पैसा पुरवत, असा इंग्रजांचा संशय. जून 1817 च्या पुणे तहात त्याला पकडून देण्याची अट आली आणि त्याआधीच तारण म्हणून सिंहगड, पुरंदर, रायगड द्यावे लागले होते. तहानंतर पाच महिन्यांत पेशवे आणि इंग्रज यांच्यात खडकीची लढाई झाली.

1818 मध्ये दोघेही इंग्रजांच्या हाती लागले. बाजीरावांना सालीना आठ लाखांचा तनखा आणि गंगाकाठचं बिठूर मिळालं. त्रिंबकजीला त्याच गंगेच्या काठी, चुनारच्या किल्ल्यात, मरेपर्यंत कैद.