मालवणच्या पाण्यातली नखाएवढी रंगपंचमी

काल मालवणला पाण्याखाली अर्धा तास एकाच खडकासमोर काढला. सोबतचा डायव्हर वैतागला, पण मला न्युडिब्रँक सापडली होती! म्हणजे शंख नसलेली समुद्री गोगलगाय, जेमतेम नखाएवढी. डोक्यावरची दोन शिंगं हे तिचं नाक आणि पाठीवरचा फुलासारखा गुच्छ म्हणजे कल्ले.

आता फोटोचं. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. पाच-सहा मीटरवरच सगळं हिरवट-निळं दिसायला लागतं, म्हणून टॉर्च हवाच. पण तो समोरून मारलात तर पाण्यातला गाळ चांदण्यांसारखा चमकतो (माझे पहिले वीस फोटो असेच वाया गेले). बाजूने तिरका धरा, झूम विसरा, जवळ जा. आणि चांगल्या पोझसाठी तिला बोटाने सरकवू नका, प्लीज.