तांडा कोणी वसवला?

वाशीम जिल्ह्यात मानोऱ्याकडचे तांडे, म्हणजे बंजारा वस्त्या, पाहून बाहेरचे लोक सहज म्हणतात, "ही फिरस्ती माणसं, सरकारनं इथं आणून बसवली." हे खरं नाही.

बंजारा समाज फिरत होता तो व्यापारासाठी. मीठ, धान्य बैलांच्या पाठीवर लादून तो मुलूखभर पोचवायचा. वऱ्हाडचा कापूसही बैलांवरूनच मिर्झापूरपर्यंत जाई. 1867 मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली आणि लदेणीचा, म्हणजे बैलांवरून माल वाहण्याचा, धंदा बसत गेला. त्यात 1871 च्या कायद्यानं कित्येक भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, संशय मात्र रेंगाळला.

अशा काळात माणसांना एका जागी रुजवलं ते तांड्याच्या स्वतःच्या व्यवस्थेनं. जागा ठरवायची, गावच्या पाटलाशी बोलणी करायची, भांडणं मिटवायची, हे नायकाचं काम. कारभारी त्याच्या हाताशी. अनेक तांड्यांना आजही नायकाचंच नाव आहे. या पंचायतीत बायकांना जागा नव्हती, ही तिची मोठी उणीव. 'वसंतराव नाईक तांडा वस्ती सुधार योजना'सारखी सरकारी मदत आली ती फार नंतर.

तांडा म्हणजे कागदोपत्री स्वतंत्र गाव, हाही गैरसमजच. पुष्कळ तांडे मूळ गावाला जोडलेले असतात, म्हणून रस्ता, पाणी, रेशन दुकान आधी तिकडे जातं. महसुली गावाच्या दर्जासाठीचा आग्रह त्यातूनच आला आहे. शाळेतही असाच गैरसमज होतो. पहिलीतलं तांड्यावरचं मूल वर्गात गप्प बसतं तेव्हा ते मंद नसतं. घरी ते गोरबोली, म्हणजे बंजारा समाजाची बोली, बोलतं. जनगणनेत ही बोली हिंदीखाली मोजली जाते.

बंजारा सगळीकडे आदिवासी यादीत आहेत, असंही नाही. तेलंगणात ते अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती, महाराष्ट्रात विमुक्त जाती. राज्य बदललं की दाखल्याचा आधार सुटतो.

आणि "फिरणं त्यांच्या रक्तातच" हे सर्वांत अन्यायाचं बोलणं. ऊसतोडीला जाणारं कुटुंब कोरडवाहू शेतीत भागत नाही म्हणून, मुकादमाची उचल फेडायला जातं. मागे राहणाऱ्या मुलांसाठी राज्यात हंगामी वसतिगृहांची सोय आहे. ही वसतिगृहं ऊसतोडीचे ट्रक निघण्याआधी सुरू झाली पाहिजेत. एकदा आईबापांबरोबर गेलेलं मूल उन्हाळ्यापर्यंत शाळेत परतत नाही.